खिळ्यावरची चिठ्ठी

कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसा उलटा करायचा, हा आमच्या धुलाई कारखान्यातला पहिला नियम. तो मी घातला. चाळीस वर्षांत खिशांतून पेनं निघाली, कवळी निघाली, एका मोठ्या डॉक्टरच्या कोटातून भलत्याच बाईचं पत्र निघालं. ते मी न वाचता परत दिलं, कारण मला तेवढं भरभर वाचता येत नाही. डॉक्टरला हे माहीत नसल्यामुळे तो आजही मला बघून उठून उभा राहतो.

शाळा माझी दोन यत्तांची. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या आठवड्यात माझ्या थोरल्या मुलाने ते मला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं.

आमच्याकडे इस्पितळाच्या चादरी येतात, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे येतात, हॉटेलांचे पलंगपोस येतात. धुऊन झालं की माल ट्रॉलीत भरून भिंतीशी ओळीने उभा करायचा. कुठली ट्रॉली आधी इस्त्रीला जायची ते चिठ्ठी सांगते. चिठ्ठीशिवाय इस्त्रीच्या बायका ट्रॉलीला बोट लावत नाहीत. एकदा लावलं होतं, तर हॉटेलचे कशिद्याचे टेबलक्लॉथ इस्पितळात पोचले आणि हाडं मोडलेली माणसं दोन दिवस वेलबुट्टीवर झोपली.

पूर्वी या चिठ्ठ्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या असायच्या. मग आमच्या ह्यांनी, ते होते तेव्हा, एक यंत्र आणलं. मागच्या थंड खोलीत ते उभं आहे, कपाटापेक्षा लहान, पेटीपेक्षा मोठं. विकणारा त्याला मधल्या आकाराचा सर्व्हर म्हणाला होता. ना घरच्यासारखा, ना बँकेसारखा. आम्ही त्याला आत्याबाई म्हणतो, कारण ती घरातून हलत नाही, दिवसभर घूं घूं करत असते, आणि घरातलं तिला माहीत नाही असं काही नाही. बावीस वर्षांत तिने एक दिवस अंग टाकलेलं नाही. तेवढं माझ्या तिन्ही नणंदांबद्दल म्हणता येणार नाही.

आत्याबाईच्या पोटात चिठ्ठ्यांची रांग असते. माझी धाकटी सून तिला डेटा क्यू म्हणते, मी रांग म्हणते, काम एकच. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर रांगेत चिठ्ठी ठेवतो, इस्त्रीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर ती उचलतो आणि कागदावर छापून देतो. हे सगळं धाकटीने बसवलं. ती आधी आत्याबाईचं बघायला म्हणून कामावर आली होती. तीन वर्षं मी तिला काम करताना बघितलं आणि मग माझ्या धाकट्यासाठी मागितली. लोक आधी सून करतात आणि मग ती कामाची आहे का बघतात.

तर त्या महिन्यात तीन वेळा इस्पितळाची ट्रॉली भिंतीशी ओलीच राहिली. तिची चिठ्ठी छापून आलीच नव्हती. वजनकाटेवाला छातीवर हात ठेवून सांगे, मी रांगेत टाकली होती. तिसऱ्या वेळी धाकटा गाडी घेऊन गेला तो रिकाम्या हाताने, आणि तिथल्या मुख्य नर्सबाईने त्याला निरोप दिला: पुन्हा एकदा असं झालं तर आम्ही दुसरी लॉन्ड्री बघू. धाकटा गाडी चालवतो, तोंड चालवत नाही. त्याने निरोप जसाच्या तसा आणला.

सोमवारी थोरल्याने मला काचेच्या खोलीत बोलावलं. कारखान्यावर नजर राहावी म्हणून ती काच बसवली होती, पण तो बघतो ते स्क्रीनकडे. दोन महिन्यांपूर्वी त्याने एका सल्लागाराकडून आढावा नावाचा प्रोग्रॅम करून घेतला होता. रांगेत कोणाकोणाच्या चिठ्ठ्या आहेत ते त्याला खुर्चीतून दिसायचं. तो सल्लागारही बसला होता. मी त्याला मनात कॉलर म्हणते. शर्टाला एक सुरकुती नाही, आणि इस्त्री आमच्याकडची नाही.

"आजी," कॉलर म्हणाला, "तुमचं ते यंत्र आता संग्रहालयात शोभेल."

"मीसुद्धा शोभेन. मला उचलायला अजून कोणी धजलेलं नाही."

थोरला हसला नाही. "आई, आत्याबाई म्हातारी झाली. चिठ्ठ्या गिळायला लागली. शुक्रवारी ती काढायची. सगळं काम बाहेरच्या सर्व्हरवर जाईल, ते लोकच सांभाळतील. गुरुवारी फक्त तुझी सही हवी."

कारखाना माझ्या नावावर आहे. आमच्या ह्यांना पोरं ओळखू येत होती.

"आणि धाकटी?" मी विचारलं.

"यंत्रच नाही तर तिला इथे काय काम? घरी राहील. आराम करेल."

धाकटी दारातच उभी होती. आराम हा शब्द तिने असा ऐकला, जसा एखाद्याने स्वतःच्या घराला बाहेरून लावलेल्या कुलुपाचा आवाज ऐकावा.

"आत्याबाई चिठ्ठी गिळत नाही, दादा," ती म्हणाली. "रांगेतून चिठ्ठी जाते ती कोणीतरी मागितली म्हणूनच."

"आई, हिला सांग, इस्त्रीच्या टेबलाने मागितली असती तर ती छापून आली असती."

"ती तुझ्यापासून तीन हातांवर उभी आहे. तूच सांग."

तो भिंतीकडे बघत बसला. एकदा तिने चारचौघांत त्याची बेरीज दुरुस्त केली होती. तेव्हापासून तो तिच्याशी माझ्यामार्फत बोलतो.

"तुमचा आढावा रांगेपर्यंत कसा पोचतो, ते मला एकदा बघू द्या," धाकटी म्हणाली.

कॉलर खुर्चीत मागे रेलला. "मॅडम, तो फक्त बघतो. बघण्याने काय हरवतं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात थोरला म्हणाला, "आई, तू दोन यत्ता शिकलेली. यातलं तुला काही कळत नाही. गुरुवारी सही कर, बास."

बाहेर इस्त्रीच्या बायकांचे हात थांबले होते. काच असली तरी ऐकू येतं.

"दोन यत्तांत मला सही शिकवली," मी म्हणाले. "ती कुठे करायची नाही हे मी पुढे माझं मीच शिकले. गुरुवारी बघू."

बुधवारी मी धाकटीला सुकवणीच्या खोलीत गाठलं. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, आणि एकदा दोन कोपरे हातात आले की माणसाला पळता येत नाही. बोलायचं असेल तर मी माणसाच्या हातात चादर देते.

"मला सांग, टेबलावरचा कॉम्प्युटर आत्याबाईच्या पोटातली चिठ्ठी घेतो तरी कसा?"

"तीन रस्ते आहेत, आई."

"तिन्ही सांग. घाई करू नकोस आणि इंग्रजी झाडू नकोस."

"पहिला सरळ. आत्याबाईच्या कंपनीनेच एक प्रोग्रॅम दिलाय, तो टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचा. मग तो कॉम्प्युटर थेट रांगेत हात घालतो. सगळ्यात जलद. इस्त्रीच्या टेबलाला मी तोच दिलाय."

"म्हणजे घरातल्या माणसाने सरळ स्वयंपाकघरात शिरून झाकण काढायचं."

"हो. दुसरा रस्ता डेटाबेसच्या दारातून. बाहेरच्या कॉम्प्युटरने तिथे विचारायचं. आत माझा एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो, तो रांगेत बघून उत्तर देतो. जरा सावकाश चालतं, पण बाहेर काय द्यायचं आणि काय नाही ते मी ठरवते."

"पाहुण्याने मागायचं, घरच्या बाईने वाढायचं. आणि तिसरा?"

"तिसऱ्यात मध्ये एकच प्रोग्रॅम बसवायचा. रांगेशी तो एकटा बोलतो, बाकी सगळी टेबलं त्याच्याशी बोलतात. पण तो अडला की सगळेच अडले."

"म्हणजे मी. थोरल्याचं तुला सांगायचं, तुझं थोरल्याला."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा. आम्ही कोपऱ्याला कोपरा जुळवला.

"कॉलरने कुठला रस्ता धरलाय?"

"ते तो सांगत नाही. पण दादांनी त्याला इस्त्रीच्या टेबलाचाच पासवर्ड देऊन टाकलाय, हे मला काल कळलं. म्हणजे पहिलाच असणार."

"बरं, सरळ हात घातला की काय होतं?"

"हात दोन तऱ्हांनी घालता येतो. एक, नुसतं डोकवायचं. चिठ्ठी जागेवर राहते. दुसरं, घ्यायचं. घेतली की रांगेतून गेली, म्हणजे दुसऱ्या कोणी तेच काम पुन्हा करू नये. ग्राहकाच्या नावाने मागितली तर मधलीही काढता येते. आणि काही न सांगता हात घातला, तर ते घेणंच धरलं जातं. डोकवायचं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं."

"गेलेल्या चिठ्ठीची नोंद?"

"नाही राहत. रांगेला आठवण नसते, आई."

मी चादर धरून तशीच उभी राहिले. खिळ्याच्या काळातली गोष्ट. एका आठवड्यात आमच्या चार चिठ्ठ्या गेल्या. सगळे म्हणायचे, खिळा चिठ्ठ्या खातो. मीही म्हणायची. रविवारी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, खिसा उलटा केला, तर चारही चिठ्ठ्या आत. बिचारे खिळ्यावरून काढून वाचायचे, तेवढ्यात कोणीतरी हाक मारायचं, की चिठ्ठी खिशात आणि हे हाकेला. विचारलं तर म्हणाले, मी फक्त बघत होतो. त्यानंतर मी ह्यांना त्या भिंतीपासून चार पावलं लांब उभं करत असे.

"मग रोज का नाही हरवत?" मी विचारलं. "थोरला तर दिवसभर त्या स्क्रीनला नाक लावून बसतो."

"कारण इस्त्रीचं टेबल दिवसभर रांगेपुढे हात पसरून बसलेलं असतं. चिठ्ठी आली की त्या क्षणी उचलतं. दादांना रांग रिकामीच दिसते. ती साठते फक्त..." ती थांबली आणि चादरीचा काठ नीट करू लागली. तो नीटच होता.

"बोल."

"जेवणाच्या सुट्टीत. वजनकाटा चालू असतो, पण इस्त्रीचा कॉम्प्युटर बंद असतो."

एक ते दोन, इस्त्री विभागातली सगळी बटणं बंद. तशी पाटी आहे भिंतीवर. एकदा इस्त्री चालू ठेवून बायका जेवायला गेल्या आणि अख्खा ढीग करपला, तेव्हा मी ती लावली. इस्त्रीचं बटण म्हणायचं सोडून सगळी बटणं म्हणाले. एक शब्द चुकला, तो पाटीवर तसाच राहिला.

"तो नियम माझा," मी म्हणाले.

"हो."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमच्या नियमाबद्दल तुमच्याशी कोण बोलणार, आई?"

घडी वाकडी पडली होती. ती चादर आम्ही उलगडून पुन्हा घातली.

गुरुवारी सकाळी मी माझ्या अंथरुणावरची चादर काढून धुवायला टाकली. सव्वा एकला ती धुऊन वजनकाट्यावर आली आणि तिची चिठ्ठी रांगेत गेली. मी मुकादमबाईला थंड खोलीच्या दारात उभं केलं. इस्त्री विभागावर तिचा हुकूम चालतो, आणि आवाज असा आहे की ड्रायर चालू असले तरी रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो. आत धाकटी आत्याबाईच्या जुन्या काळ्या स्क्रीनसमोर बसली. त्यावर हिरव्या अक्षरांत रांगेत किती चिठ्ठ्या आहेत ते दिसतं. मग मी काचेच्या खोलीत गेले. दार उघडंच ठेवलं.

थोरला डबा उघडून स्क्रीनसमोर जेवत होता. कॉलरने कागद पसरून ठेवले होते, जिथे सही करायची तिथे फुल्या मारून. मला फुलीच करता येते असं वाटलं असावं त्याला.

"सही करायची ना," मी म्हणाले. "त्याआधी माझी चादर कुठे आहे ते बघ."

"कसली चादर?"

"माझ्या अंथरुणाची. तुझ्या आढाव्यात सगळं दिसतं ना, मग ती पण दिसेल."

त्याने माउस फिरवला. "आहे. मालकीणबाई, असं लिहिलंय."

"रांगेत एकूण किती?"

"सात."

"इथेही सात," मुकादमबाईने थंड खोलीतून कळवलं. जेवायला बसलेल्या बायका डबे तसेच ठेवून काचेशी आल्या.

"आता माझी चिठ्ठी उघड आणि वाचून दाखव. मला दोन यत्ता."

कॉलरने हात पुढे केला. "आजी, उघडायची गरज नाही. वरच दिसतंय सगळं."

"गरज काय आहे ते मी ठरवते. उघड रे."

थोरल्याने उघडली. "एक चादर. पांढरी. घाई नाही."

"घाई नाही, बरोबर. झालं बघून? मिटव."

त्याने मिटवली. ड्रायरही बंद होते, त्यामुळे मुकादमबाईला ओरडायची गरज नव्हती, तरी ती ओरडली. "इथे सहा."

"शोध माझी चादर."

त्याने शोधली. वर गेला, खाली गेला. घास हातातच होता, तो त्याने परत डब्यात ठेवला.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"मग तू काय केलंस?"

"मी फक्त बघितलं, आई."

बापाचेच शब्द. आवाजही तोच.

कॉलर म्हणाला, "ही किरकोळ बाब आहे. एका ओळीचा बदल. मी आजच करून देतो."

"तीन वेळा इस्पितळ ओलं राहिलं तेव्हा ही ओळ कुठे होती? सोमवारी तू म्हणालास बघण्याने काय हरवतं. आणि आत्ता त्याचा हात धरायला उठलास. कधीपासून माहीत होतं?"

त्याने कागदांचे कोपरे जुळवायला घेतले. माणूस असा एकाएकी नीटनेटका झाला की समजावं, उत्तर मिळालं.

थोरला अजून स्क्रीनकडेच बघत होता. "जेवताना इस्पितळाची चिठ्ठी दिसली की मी तीच उघडायचो," तो हळू म्हणाला. "सगळ्यात महत्त्वाचं गिऱ्हाईक. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून."

काचेपलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं, हसू बंद झालं. माझ्या मुलाला मी बोलेन. दुसऱ्या कोणी हसायचं नाही.

"चूक तुझ्या एकट्याची नाही," मी मोठ्याने म्हणाले, म्हणजे बाहेर ऐकू जावं. "दुपारी रांग साठायची ती माझ्या पाटीमुळे. सगळी बटणं बंद, असं मी लिहून घेतलं होतं. इस्त्रीचीच म्हणायला हवं होतं."

बाहेर जाऊन मी स्टूल ओढलं, वर चढले आणि पाटी काढली. मुकादमबाई स्टूल धरायला आली, तिला मी बाजूला केलं. चाळीस वर्षांत या कारखान्यात मी माझा नियम मागे घेतल्याचं कोणी बघितलं नव्हतं. बघू दे.

परत येऊन कॉलरचा कागद उचलला. त्याला क्षणभर आशा वाटली. मी तो पालथा केला आणि धाकटीला हाक मारली.

"लिही. रांगेत सरळ हात फक्त इस्त्रीच्या टेबलाने घालायचा. बाकी ज्याला बघायचं असेल त्याने धाकटीच्या दारातून मागायचं. थोरल्याने मागायचं, मीही मागायचं. पासवर्ड आज बदलायचा. आत्याबाई जागची हलणार नाही, आणि तिचं बघणारीही."

तिने लिहिलं. खाली मी माझी सही केली, पूर्ण, काना मात्रा वेलांटीसकट. मग कागद थोरल्यापुढे सरकवला.

त्याने बराच वेळ वाचला. मग मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. मध्ये मी उभी होते, पण या वेळी त्याला माझी गरज पडली नाही.

"तुझ्या त्या दारातून मला रांग दिसेल ना?"

"दिसेल, दादा," धाकटी म्हणाली. "फक्त दिसेल."

त्याने सही केली. कॉलर कधी गेला ते मी बघितलं नाही. कागद तो आमच्याकडेच विसरून गेला. मागची बाजू कोरी होती, त्यामुळे उपयोगी पडला एवढं खरं.

दोनची घंटा झाली. इस्पितळाच्या ट्रॉलीची चिठ्ठी छापून आली, रोलर गरम झाले, बायका कामाला लागल्या. भिंतीशी एक ट्रॉली राहिली, तिच्यात एक पांढरी चादर.

"ही कोणाची?" थोरल्याने विचारलं.

"मालकीणबाईंची," मुकादमबाई म्हणाली. "पण चिठ्ठी नाही. आम्ही हात लावणार नाही."

"बरोबर आहे तिचं," मी म्हणाले. "चिठ्ठी ज्याने घेतली त्याने काम करायचं."

थोरल्याने माझ्याकडे बघितलं, बायकांकडे बघितलं, आणि कोट काढून माझ्या हातात दिला. लहानपणी तो या टेबलाखाली खेळायचा, पण टेबलाशी उभा राहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. चादर त्याच्या हातांतून सटकत होती. एक कोपरा धरला की दुसरा जमिनीकडे जायचा. धाकटी थोडा वेळ बघत राहिली, मग पुढे झाली आणि तिने पलीकडची बाजू धरली.

कोट खुंटीला लावण्याआधी मी त्याचे खिसे उलटे केले. चिठ्ठी नव्हती. एक नवं कोरं पेन निघालं, माझ्या सहीसाठी आणलेलं. ते मी ठेवून घेतलं.